गाडी रडून राहिली

१

आमच्या धंद्यात सगळंच रडतं. बेरिंगमधलं ग्रीस संपलं की बेरिंग रडतं. पट्टा सैल झाला की पट्टा रडतो. दाते घासले की गिअर रडतो, आणि शेवटी गिऱ्हाईक रडतं. त्यामुळे पुसेगावच्या माणिकरावांनी मंगळवारी सकाळी माझ्या गॅरेजपुढे गाडी लावली आणि म्हणाले, "जळबा, गाडी रडून राहिली," तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सेनगावात बावीस वर्षं हेच ऐकतोय. मी फक्त विचारलं, "इंजनासंगं रडती का चाकासंगं?"

"ते मला समजलं असतं तं तुझ्याकडं काहून आलो असतो?"

माणिकराव बोलतात ते असं. जमीनदार माणूस, गावात शब्दाला वजन, आणि गाडी मात्र वीस वर्षांची. पांढरी, जुनी घेतलेली, मागच्या सीटला लाल रेक्झिन. दोन मिस्त्र्यांनी आधीच हात मारून घेतला होता. एकानं चारही बेरिंगं बदलली, दुसऱ्यानं पट्टा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. असली कामं बघितली की माझं टाळकं सरकतं. माझं टाळकं तसंही लवकर सरकतं, तालुक्याला माहीत आहे. मी त्या दोघांना मनसोक्त शिव्या दिल्या आणि बॉनेट उघडलं.

"उद्यापर्यंत झाली पाहिजे," माणिकराव म्हणाले. "परवा सुनेला आणायचं हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सून शिवकन्या बाळंतपणाला माहेरी गेली, जवळा बाजारला. नातू रुद्र पाच महिन्यांचा झाला तरी ती परत यायचं नाव काढत नव्हती. कारण काय, तर ही गाडी. त्या आवाजाच्या गाडीत मी बसणार नाही, म्हणते. दुसऱ्या गाडीनं आणा म्हटलं तर माणिकरावांची मान खाली जाते. घरची गाडी दारात असताना सून भाड्याच्या जीपमधून उतरली तर गाव काय म्हणेल? तिचे वडील वैजनाथअप्पा माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांचा टेम्पो दहा वर्षं माझ्याच हाताखालून गेलाय. अप्पांनी सरळ सांगितलं होतं, जळबा मिस्त्रीनं आवाज गेला म्हणून सांगावं, मी त्याच दिवशी लेक पाठवतो.

म्हणजे त्या पोरीचं सासरी जाणं माझ्या कानावर येऊन थांबलं होतं. मला तेव्हा त्याचा गर्व वाटला. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली काढावीशी वाटते.

२

मी एकटाच गाडी घेऊन रस्त्याला लागलो. दोन्हीकडे सोयाबीन कापून पडलेलं, रस्ता मोकळा. काचा वर केल्या. चाळीसच्या पुढे काटा गेला आणि आवाज आला.

बारीक होता. नाकातून काढल्यासारखा, एकसुरी. मी गाडी न्यूट्रलवर सोडली. इंजिनाचा आवाज खाली बसला, पण हा तिथंच राहिला. म्हणजे इंजिन नाही, पट्टा नाही. मग ब्रेक दाबत दाबत गाडी वीसवर आणली. चाकं हळू झाली, हा तसाच. म्हणजे बेरिंग नाही, गिअर नाही. बाजूला एका बाभळीखाली गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं. गाडी उभी, आणि मागून तोच आवाज.

मी जोरात हसलो. राहिलं काय? टाकीतला पंप. पेट्रोल पुढे ढकलणारी मुठीएवढी मोटर. ती मागच्या सीटखाली असते, आणि चावी फिरवली की गाडी पळो न पळो, तिचं काम सुरू. दोन मिस्त्री, दोन आठवडे, आणि कुणाला मागची सीट उचलून बघायची बुद्धी झाली नाही. त्यांचे कान आहेत की कढईचे?

परत येताना मात्र एक गोष्ट खटकली. आवाज मधेच तुटायचा. दहा-बारा सेकंद चालायचा, तुटायचा, आणि तुटताना उलटा आत ओढल्यासारखा व्हायचा. मग पुन्हा सुरू. मोटर दम घेत नाही. फिरते किंवा बंद पडते, तिसरं काही तिला येत नाही.

वायर ढिली असणार, मी स्वतःला सांगितलं. खड्ड्यात हिसका बसला की तुटते, पुन्हा चिकटते. पण बाभळीखाली गाडी उभी होती तेव्हाही तो तुटत होता, आणि तिथं खड्डा नव्हता. त्याचा विचार मी पुढे केला नाही.

३

पंप हिंगोलीहून मागवला. बुधवारी सकाळी एसटीच्या कंडक्टरनं डबा आणून दिला. सीट उचलली, झाकण उघडलं, जुना पंप बाहेर काढला, नवा बसवला. पेट्रोलच्या वासानं डोकं जड झालं होतं आणि हात बरबटले होते, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मिस्त्रीकाका, मी शिवकन्या बोलते. वैजनाथअप्पाची."

आवाज दबका होता. मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"बोल पोरी. गाडी होऊन राहिली तुझी. पंप रडत होता, बदलला."

"काका, मी कवाच म्हणले न्हाई गाडी रडती म्हणून."

"मंग?"

"मी म्हणले गाडीत कुणीतरी रडतं. मामंजी सगळ्याला सांगताना गाडी रडती म्हणतात. मी बराबर सांगितलं होतं. मागं, माझ्या बाजूला बसून कुणीतरी रडतं."

मला राग आला. खरं सांगायचं तर आधी मानेवर काटा आला आणि त्याचाच राग आला. बावीस वर्षं कानावर पोट भरलेल्या माणसाला एक पोरगी गाडीत काय वाजतं ते शिकवत होती.

"मिस्त्री मी हाय का तू?" मी ओरडलो. "उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! सासरी जायचं न्हाई तं तसं सांग बापाला, मशिनीला कशाला बदनाम करती?"

तिकडचा भांड्यांचा आवाज थांबला. मग फोन ठेवल्याचं कळलं.

४

दुपारी गाडी सुरू करून पाहिली. आवाज होता.

पाना भिंतीवर फेकून मारला. मग नव्या पंपाची पिन काढली. चावी बंद केली. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून बॅटरीची तारसुद्धा काढून ठेवली. आता त्या गाडीत आणि चहाच्या टपरीत काही फरक उरला नव्हता. सीट जागेवर बसवली आणि बाहेरचा गोंगाट नको म्हणून मागच्या सीटवर आत बसून चारही दारं लावून घेतली.

मी त्या गाडीत मागे पहिल्यांदाच बसत होतो. दुपारचं ऊन काचेतून मांडीवर पडलं होतं. तापलेल्या रेक्झिनचा वास, त्यात कुठलंतरी खोबरेल तेल. समोरून रिसोडची एसटी गेली. तिचे पत्रे हलताना दिसले, पण ती ऐकू आली नाही. एवढी जुनी गाडी, दारांचं रबर चिरलेलं, बाहेरचं सगळं आत यायला हवं होतं. रस्त्यापलीकडे टपरीवाला तोंड उघडून कुणालातरी हाक मारत होता. तीही आली नाही.

मग आवाज सुरू झाला.

माझ्याकडे लांब पेचकस असतो, स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानापुढच्या हाडाला. कुठलं बेरिंग रडतंय ते डॉक्टरच्या नळीसारखं कळतं. मी टोक सीटच्या लोखंडाला लावलं. काही नाही. तळाच्या पत्र्याला लावलं. काही नाही. दाराला, खांबाला, टाकीच्या झाकणावर. सगळं थंड, मुकं. पेचकस खाली घेतला की आवाज होता. लोखंडातून येतच नव्हता तो. माझ्या डाव्या हाताला, सीटवर, बसलेल्या माणसाचं डोकं येतं तेवढ्या उंचीवर होता.

इतक्या जवळून ऐकल्यावर मिस्त्रीची अक्कल संपते. ओठ गच्च मिटलेले असताना नाकातून निघतो तो आवाज होता. दाबून धरलेला, छाती भरली की तुटणारा, आणि मग तुकड्या-तुकड्यानं श्वास आत घेणारा. कुणालाही ऐकू जाऊ नये म्हणून रडलेलं रडणं. उन्हातली सीट माझ्या शेजारी रिकामी होती. तिच्यावर माझ्याच हाताचा ग्रीसचा डाग होता.

मी घाबरलो होतो. आणि घाबरलो की मला एकच गोष्ट करता येते.

"चूप!" मी ओरडलो.

आवाज थांबला. ओसरला नाही, विरला नाही, मधेच तोडून थांबला. ओरडलं की थांबायची सवय असल्यासारखा. त्या दिवशीचं मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते हे थांबणं. रडण्यापेक्षाही.

काचेवर टकटक झाली. माणिकराव वाकून आत बघत होते. मी दार उघडलं आणि बाहेरचा सगळा गलका एकदम अंगावर आला.

"काय रे, आत बसून कुणावर ओरडतो? झाली का गाडी?"

मी पुन्हा आत कान दिला. शांत.

"आवाज गेला का, तेवढं सांग."

"गेला," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. त्या क्षणी आवाज नव्हताच.

त्यांनी तिथल्या तिथं अप्पांना फोन लावला आणि माझ्या तोंडापुढे धरला. "घ्या, जळबाच बोलून राहिला." अप्पांनी विचारलं, "जळबा, तुझ्या कानानं ऐकलं ना?" मी व्हय म्हणालो. माणिकरावांनी पिन आणि बॅटरी जोडून घेतली आणि गाडी घेऊन गेले. जाताना पैसे बॉनेटवर नाही, माझ्या हातात दिले, पाठीवर थाप मारली. मी ती थाप घेतली.

५

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. माझी बायको करुणा अंगणवाडीत मदतनीस आहे. ती वाढता वाढता तिथल्या एका लेकराची गोष्ट सांगत होती. लेकरू घरी भाकरीचा तुकडा कसा खिशात घालून नेतं, असं काहीतरी. माझं लक्ष नव्हतं. डोक्यात दुपार फिरत होती.

"जरा गप बसती का!" मी ओरडलो.

ती थांबली. 'भाकरी' म्हणत होती, 'भाक'वर थांबली. चेहऱ्यावर राग नाही, वाईट वाटल्याचं काही नाही. हातातली पळी तशीच, पुढे वाढत राहिली.

चोवीस वर्षांच्या संसारात मी हे हजारदा बघितलं असेल आणि एकदाही ऐकलं नव्हतं. माझा कान तालुक्यात एक नंबर म्हणतात. घास तोंडात फिरायला लागला.

"काहून, भाजी खारट झाली का?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "पुढं काय झालं त्या लेकराचं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वेगळंच काहीतरी मागितलंय. "काई न्हाई," ती म्हणाली. "तसंच."

६

गुरुवारी गॅरेज उघडलंच नाही. मोटारसायकलला किक मारली आणि हिंगोली, औंढा करत निघालो. वाटेत तीनदा शिवकन्येच्या नंबरवर फोन लावला, कुणी उचलला नाही. अप्पांचा लागतच नव्हता. काय सांगणार होतो ते मी पाठ केलं होतं. अप्पा, माझं चुकलं, आवाज गेलेला नाही, लेक पाठवू नका. एवढंच. रडणं, सीट, काही सांगायचं नाही. मिस्त्रीचं काम राहून गेलं म्हणायचं. त्यात कुणाला काय शंका येणार?

जवळा बाजारला बाजार भरला होता. अप्पांचं घर बाजाराच्या तोंडालाच. गाडी दारात उभी होती, डिकी उघडी, तिच्यात पाळणा आणि पिशव्या. शिवकन्या रुद्रला खांद्याशी घेऊन पायरीवर उभी. कुंकू लावून झालेलं, ओटी भरून झालेली. माणिकरावांची बायको पार्वतीबाई पुढच्या सीटवर आधीच बसल्या होत्या. मागे बसलं की मला मळमळतं, असं त्या कुणीही न विचारता सांगत होत्या.

"अप्पा, लेक पाठवू नका," मी मोटारसायकलवरून उतरता उतरता म्हणालो. "गाडी रडून राहिली अजून."

अप्पा गोंधळले. माणिकराव गोंधळले नाहीत. ते हळू चालत माझ्याजवळ आले.

"काल गेला म्हणालास."

"काल गेला होता."

"मंग रात्रीतून परत आला? तू सेनगावात, गाडी पुसेगावात. तुला घरी बसून ऐकू आला?"

बाजाराला आलेली चार माणसं थांबली. चाराची दहा झाली. माणिकरावांनी आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "जळबा, कान गेले असतील तं सांग बाबा. लाजायचं काय त्यात? लोकं दुसरा मिस्त्री पाहतील. पण माझ्या घरच्या कामात खुट्टी मारू नको."

त्या गर्दीत माझी निदान तीन गिऱ्हाइकं होती. एक हसलाही. माझ्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या. दात ओठ खाऊन मी उभा होतो, आणि आजही सांगतो, त्या क्षणी मला त्या पोरीची काळजी नव्हती. मला माझ्या कानांची काळजी होती.

मग शिवकन्या पायरी उतरून माझ्यासमोर आली. रुद्र झोपला होता. तिनं मोठ्यानं विचारलं नाही, पण सगळे ऐकत होते.

"मिस्त्रीकाका, तुमी मागं बसले होते का?"

"व्हय."

"मंग तुमी ऐकलं का? माझ्यासारखं?"

एक शब्द बोलायचा होता. अप्पा माझ्याकडे बघत होते. मी व्हय म्हणालो असतो तर त्यांनी डिकीतला पाळणा बाहेर काढला असता, मला खात्री आहे. माणिकरावांनी फक्त भुवई उचलली.

"न्हाई," मी म्हणालो. "पंपच होता. बदलला."

तिनं मान हलवली. मला दोष दिला नाही, अप्पांकडेही पाहिलं नाही. जाऊन मागचं दार उघडलं. बसताना लुगड्याचा काठ गोळा केला आणि पलीकडच्या दाराला चिकटून बसली. काळी-पिवळी जीपमध्ये आणखी एक सीट कोंबतात तेव्हा बाया सरकतात तशी. शेजारी एका माणसाची जागा सोडली. मी अलीकडच्या दारापाशीच होतो. ते लाल रेक्झिन मधोमध दबलेलं होतं, आणि ती सरकली तरी ते वर आलं नाही.

माणिकरावांनी गाडी सुरू केली. काच खाली होती. आवाज लगेच आला, इतका बारीक की बाजारात तो मलाच ओळखता यावा. मी शिवकन्येच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते आणि ती सरळ समोर बघत होती. श्वाससुद्धा तिनं धरून ठेवला होता. रुद्र गाढ झोपेत.

माणिकरावांनी मागे वळून पाहिलं नाही. आरसाही पाहिला नाही. गिअर टाकता टाकता, रोजचंच काम करावं तसं, ते ओरडले.

"चूप!"

आवाज तुटला. पार्वतीबाईंनी पदर पुढे ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. गर्दी पांगली, अप्पा डोळे पुसत आत गेले. गाडी औंढ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा तिच्यातून कसलाच आवाज येत नव्हता.